जेवायला ऱ्हाइनपलीकडे

"आज जेवायला जर्मनीत जाऊया," तायडी म्हणाली. एका हातानं केस बांधत, दुसऱ्या हातानं किल्ली शोधत. आपण "चल, डेक्कनला जाऊन काहीतरी खाऊन येऊ" म्हणतो ना, अगदी त्याच सुरात. आणि आम्ही होतो फ्रान्समध्ये.

तायडी म्हणजे माझी मावसबहीण. ती स्ट्रासबर्गला केमिस्ट्रीत मास्टर्स करतेय. गेल्या वर्षी मे महिन्यात, मास कॉमची शेवटची परीक्षा देऊन मी तिच्याकडे बारा दिवस राहून आले. विमानाचं तिकीट बाबांनी काढलं. बाकीचा खर्च दोन वर्षं लोकांच्या इन्स्टा पेजसाठी कॅप्शन लिहून साठवलेल्या पैशांतून. हे आधीच सांगून टाकते, कारण परदेशाबद्दल लिहिणारे लोक पैसे कुठून आले ते कधी सांगत नाहीत आणि वाचणाऱ्याला उगाच आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं.

जर्मनीत जाण्याचं कारण अजिबात रोमँटिक नव्हतं. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि दोघींना कडकडून भूक लागली होती. फ्रान्समध्ये बहुतेक रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात, ती थेट सातला उघडतात. मधल्या वेळात कॉफी मिळेल, केक मिळेल. पण जेवण मागितलंत तर वेटर असा बघतो की जणू तुम्ही न कळवता त्याच्या घरी पाहुणे म्हणून आलात. नदीपलीकडे जर्मनीत इतकं कडक नाही. दिवसभर गरम जेवण देणाऱ्या जागा सहज सापडतात. "शिवाय तिकडे जरा स्वस्त पडतं," तायडी म्हणाली. विद्यार्थ्यांच्या पोटाला एवढी दोन कारणं पुरतात.

तायडीच्या घराजवळ लँड्सबर्ग नावाचा ट्रामचा थांबा आहे. तिथून डी लाइनची ट्राम पकडली की दहा-बारा मिनिटांत केल. केल म्हणजे ऱ्हाइन नदीच्या पलीकडच्या काठावरचं जर्मन गाव. ट्राम शहरातलीच, तिकीट शहरातलंच. विमानतळ नाही, रांग नाही, शिक्का नाही. आमच्या शेजारी एक आजी चाकांची पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्याही खरेदीलाच निघालेल्या. स्ट्रासबर्गचे लोक साबण, शांपू, डायपर असलं सामान आणायला सर्रास केलला जातात. सिगारेट ओढणारे तर जातातच जातात, कारण फ्रान्समध्ये तंबाखू फार महाग. "अगं, मग हे तर आपलं बांदा-पत्रादेवी झालं," मी म्हटलं. आमचा मामा सावंतवाडीला असतो. लहानपणी आम्ही त्याच्या गाडीतून असेच गोव्यात मासे खायला जायचो आणि परत येताना इन्सुलीचा नाका जवळ आला की गाडीतली मोठी माणसं अचानक गप्प व्हायची. का, ते बऱ्याच उशिरा कळलं.

वाटेत एक थांबा लागतो, आरिस्तिद ब्रियाँ. तेव्हा मी ते नाव फक्त गमतीदार वाटलं म्हणून दोनदा मोठ्यानं म्हटलं. हे ब्रियाँ कोण ते परत आल्यावर शोधलं. फ्रान्सचे नेते, अनेकदा पंतप्रधान. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी समेट करण्यासाठी त्यांनी खूप खटपट केली आणि १९२६ चं शांततेचं नोबेल त्यांना आणि जर्मनीचे परराष्ट्रमंत्री गुस्टाव्ह श्ट्रेसमन यांना मिळून दिलं गेलं. त्यानंतर चौदाच वर्षांनी जर्मन सैन्य स्ट्रासबर्गमध्ये शिरलं. म्हणजे ज्या माणसानं ही सीमा शांत करायचा प्रयत्न केला आणि ज्याचा प्रयत्न फसला, त्याच्या नावाच्या थांब्यावरून ट्राम आता दर थोड्या वेळानं सीमेकडे निघते. थांब्याला हे नाव देताना कुणाच्या डोक्यात एवढा विचार होता की नव्हता, देव जाणे.

पोर द्यु रँ हा फ्रान्समधला शेवटचा थांबा. तो गेला की ट्राम पुलावर चढते. खाली ऱ्हाइन, रुंद आणि मातकट, मालवाहू बोटी हळूहळू चाललेल्या. युद्धाआधीच्या काळातही इथे ट्राम नदी ओलांडायची, मग ती बंद पडली. आत्ताची सुरू झाली ती २०१७ च्या एप्रिलमध्ये. मी अर्थातच फोन बाहेर काढला. नदी, पूल, पलीकडचा जर्मन काठ, तायडीचं उडणारं केस. अकरा सेकंदांची रील. कॅप्शन डोक्यात आधीच तयार होतं: ब्रेकफास्ट इन फ्रान्स, डिनर इन जर्मनी.

केल स्टेशनचा थांबा आला. दारं उघडली आणि गणवेशातले दोघं आत चढले.

मी जे पाहिलं तेवढंच सांगते. आमच्या डब्यात माझ्या नजरेच्या टप्प्यात चौदा माणसं होती. मोजली मी, नंतर नाही, तिथेच. पत्रकारितेच्या वर्गात दुसरं काही शिकले असेन-नसेन, पण मोजायला शिकले. त्यातल्या पाच जणांना कागदपत्रं विचारली गेली. तायडी, मी, आपापसांत अरबीत बोलणारी दोन मुलं आणि जेवण पोचवणाऱ्या कंपनीची चौकोनी पिशवी पाठीला लावलेला एक आफ्रिकन माणूस. पिशवीवाल्या आजींना विचारलं नाही. दारात उभ्या असलेल्या, आमच्याच वयाच्या, बिअरचे कॅन घेतलेल्या तीन गोऱ्या मुलांना विचारलं नाही. दोघंही अधिकारी अतिशय सौजन्यानं बोलत होते. कुणीही आवाज चढवला नाही. पाच म्हणजे पाचच, यातून काय तो अर्थ तुम्ही काढा.

तायडीनं तिचं फ्रान्सचं रहिवासी कार्ड दाखवलं. माझा पासपोर्ट तिच्या खोलीत, कपाटात, स्वेटरच्या घडीखाली होता. हरवू नये म्हणून. आईनं मुंबई विमानतळावर तीनदा बजावलं होतं, पासपोर्ट सांभाळ, सांभाळ, सांभाळ. माझ्याकडे होता त्याचा फोनवरचा फोटो. "फोटो म्हणजे पासपोर्ट नव्हे," त्यातली एक अधिकारी इंग्रजीत म्हणाली. बरोबरच होतं तिचं. शेंगेनच्या आत हिंडतानाही आपल्याला मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. हे मला माहीत असायला हवं होतं. चूक माझी. आम्हाला खाली उतरायला सांगितलं. ट्राम आम्हाला सोडून पुढे निघून गेली. ती अधिकारी फोनवर कुणाशी तरी जर्मनमध्ये बोलत राहिली, माझ्या नावाची स्पेलिंग सांगत राहिली. बारा मिनिटं. मग "पुढच्या वेळी मूळ पासपोर्ट," असं म्हणून सोडलं.

बारा मिनिटं म्हणजे फार नाही. पुण्यात सिग्नलला याहून जास्त वेळ जातो. पण त्या बारा मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहिलं तर हे पान पुरणार नाही. बाबांचं बँक स्टेटमेंट आलं. व्हिसाची फाइल आली. आता मला परत पाठवलं तर आईला फोनवर काय सांगायचं, हे आलं. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे, मी अंगावर काय घातलंय, मी "नीट" दिसतेय ना, हेही आलं.

मग आम्ही जेवलो. जेवायलाच तर गेलो होतो.

रस्त्यावर मांडलेल्या टेबलापाशी बसलो. मे महिन्यात तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ संपतच नाही. मेनूत पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचं एक वेगळं पानच होतं. त्या भागात वसंतात अ‍ॅस्परॅगसचं कौतुक आपल्याकडच्या हापूससारखं. पण आम्ही मागवलं फ्लामकुखन. पापडाहून जरा जाड, पोळीहून कडक अशी लाटी, वर आंबटसर क्रीम, उभा चिरलेला कांदा आणि मूळ पद्धतीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. आम्ही मांसाच्या जागी मशरूम घातलेलं घेतलं. पूर्वी पाव भाजायच्या आधी लाकडाची भट्टी किती तापलीय ते बघायला कणकेचा एक तुकडा असा पातळ लाटून आत टाकत, त्यातून हा पदार्थ आला म्हणतात. आपण पहिला डोसा तव्यासाठी घालतो तसं. इथे पहिलाच डोसा जगप्रसिद्ध झाला.

पाण्याला पैसे पडले. फ्रान्समध्ये जेवताना नळाच्या पाण्याचा जग मागितला की फुकट आणून ठेवतात. ऱ्हाइन ओलांडली की बाटली घ्यावी लागते, तीही बुडबुड्यांची. दोघींचं मिळून बिल सत्तावीस युरो झालं. मी मनातल्या मनात रुपयांत हिशोब केला आणि कडा सुद्धा सोडल्या नाहीत.

गंमत अशी की याच पदार्थाला नदीच्या अलीकडे, फ्रेंच भाषेत, तार्त फ्लांबे म्हणतात. तीच लाटी, तेच क्रीम, तोच कांदा. आदल्या दिवशी आम्ही तो स्ट्रासबर्गमध्ये खाल्ला होता. म्हणजे दुसऱ्या देशात जाऊन आम्ही पुन्हा तेच खाल्लं. आणि ते साहजिक आहे, कारण देश इथे फार वेळा बदलले, भट्ट्या नाही बदलल्या. स्ट्रासबर्ग ज्या अल्सास प्रांतात आहे तो १८७१ मध्ये फ्रान्सकडून जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धानंतर परत फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी पुन्हा फ्रान्सकडे. १८७० च्या आधी जन्मलेली आणि पंचाहत्तर-ऐंशी वर्षं जगलेली एखादी बाई आपल्या घराचा उंबरा न ओलांडता चार वेळा दुसऱ्या देशाची झाली असेल. सीमा ओलांडायला तिला ट्राम लागली नाही. सीमाच तिच्या अंगावरून इकडून तिकडे जात राहिली.

दुसऱ्या दिवशी तायडीनं मला शहरातल्या रिपब्लिक चौकातलं युद्धस्मारक दाखवलं. १९३६ चं आहे. एक आई आणि तिच्या कुशीत मरणारे दोन मुलगे. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही, कारण एक फ्रान्सकडून लढला आणि एक जर्मनीकडून, आणि आई एकच. जगातली बहुतेक युद्धस्मारकं कुणीतरी जिंकल्याचं सांगतात. हे सांगत नाही. आणि ते उभारल्यानंतरही तेच घडलं, उलट जास्तच वाईट. १९४२ पासून नाझींनी अल्सासच्या जवळपास एक लाख तरुणांना जबरदस्तीनं जर्मन सैन्यात भरती केलं. यातले कितीतरी माझ्यापेक्षा लहान असणार.

केलवाल्यांचंही ऐका, कारण ते कुणी सांगत नाही. १९४४ च्या शेवटी गाव रिकामं केलं गेलं. युद्ध संपल्यावर फ्रेंचांनी ते ताब्यात घेतलं आणि १९५३ पर्यंत ते स्ट्रासबर्गचं उपनगर असल्यासारखं चाललं. मूळचे जर्मन रहिवासी आपल्याच घरी टप्प्याटप्प्यानं परतले, शेवटचे युद्धानंतर आठ वर्षांनी. मी जिथे बसून मशरूमचं फ्लामकुखन खाल्लं, त्या गावातल्या लोकांना एके काळी स्वतःच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला परवानगी लागत होती.

म्हणून मला त्या पिशवीवाल्या आजी फार महत्त्वाच्या वाटतात. शांपू आणायला दुसऱ्या देशात जाणं हे जरा हास्यास्पदच आहे. पण असं हास्यास्पद वाटण्याइतकं सोपं होईपर्यंत तिथल्या लोकांना किती दशकं लागली बघा. १९६३ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीनं मैत्रीचा करार केला. १९८५ च्या जूनमध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावापाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपसांतली तपासणी हटवायच्या करारावर सह्या केल्या. तो प्रत्यक्षात यायला १९९५ उजाडलं. आज त्यात २९ देश आहेत. नुसते करारच नाहीत. आर्ते नावाचं टीव्ही चॅनेल आहे, फ्रान्स आणि जर्मनी मिळून चालवतात, मुख्यालय स्ट्रासबर्गलाच. एकच बातमी दोन जुन्या शत्रूंनी एकत्र बसून बनवायची, ही कल्पना मला इंटर्न म्हणून जितकी भारी वाटते तितकीच भीतिदायक. आमच्याकडे दोन डेस्कचं एका मथळ्यावर जमत नाही.

पण जे माणसांनी ठरवून उघडलं, ते ठरवून बंदही होतं. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे जर्मनीनं ही सीमा बंद केली आणि ट्राम पुलाच्या अलीकडेच थांबायला लागली. नदीवर दोन्ही काठ जोडणारा एक सुंदर पादचारी पूल आहे, तोही बंद. नंतर उघडलं सगळं. पण २०१५ च्या शेवटी, दहशतवादी हल्ल्यांच्या वेळी, फ्रान्सनं सुरू केलेली सीमातपासणी "तात्पुरती" म्हणत चालूच राहिली. जर्मनीनं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर ती लावली, तीही तात्पुरती, आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. तात्पुरतं म्हणजे काय असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याला काय त्याचं? आपण जातो चार दिवस, फोटो काढतो, येतो. तर, केल ज्या राज्यात आहे त्याचं नाव बाडेन-व्युर्टेम्बर्ग. स्टुटगार्ट ही त्याची राजधानी, जी १९६८ पासून मुंबईची भगिनीशहर आहे. याच राज्याशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याबद्दल करार केला. तुमच्यातले कितीतरी जण आत्ता, हे वाचत असताना, जर्मनच्या ए-वन, ए-टूच्या परीक्षेची तयारी करताय. नर्सिंगवाले आहेत, आयटीआयवाले आहेत, एमएसला जाणारे आहेत. तुम्ही त्या ट्राममध्ये टुरिस्ट म्हणून चार दिवस नाही, तर कामावर जाणारा माणूस म्हणून चार वर्षं असाल. मग "बॉर्डरलेस युरोप" हा शब्द रीलमध्ये ऐकून जाऊ नका.

कारण ती सीमा नाहीशी झालेली नाही. ती फक्त तिथून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवलीय. माझ्यासाठी ती मुंबईतल्या व्हिसा सेंटरच्या काउंटरवर होती. तिथे मी बाबांचं सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कॉलेजचं पत्र, तीस हजार युरोंचं संरक्षण देणारा विमा, तायडीचं निमंत्रण, परतीचं तिकीट आणि नव्वद युरो फी घेऊन उभी होते. दहा बोटांचे ठसे दिले. माझ्यासमोरच्या काकांनी फाइलला प्लास्टिकचं कव्हर घालून आणलं होतं, जणू ती ओली झाली तर सगळं गेलं. आजींच्या ट्रामला दार नाही, कारण आमच्या काउंटरला दार आहे. आत जितकं मोकळं, बाहेरून तितकं घट्ट. मला हे वाईट आहे असंही म्हणायचं नाही. घर म्हटलं की दार आलंच. फक्त ते दार नाहीच असं आपणच आपल्या मित्रांना सांगत फिरायचं, हे मला आता जमणार नाही.

आणि दाराच्या आत शिरल्यावरसुद्धा आपण आत आहोत हे आपल्यालाच पुन्हा पुन्हा सिद्ध करावं लागतं. जेवताना तायडी म्हणाली, "मला चार-पाच खेपांत एकदा तरी विचारतात. माझ्या लॅबमधली एक फ्रेंच मुलगी शाळेत असल्यापासून केलला येते, तिला आजपर्यंत एकदाही नाही." हे तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पुढचा तुकडा कापत सांगितलं. मला तेच जास्त लागलं. "तू घरी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. "सांगून? आई म्हणेल, मग जाऊ नकोस जेवायला."

मावशी खरंच असं म्हणेल. आपल्या घरांचा हाच तोडगा असतो. कटकट आहे ना, मग जाऊच नका. माझं मत बरोबर उलट आहे. सीमा उघडी राहते ती करारांनी थोडी आणि रोज उगाच ये-जा करणाऱ्या लोकांमुळे जास्त. शांपूसाठी जाणाऱ्या आजी, सिगारेटसाठी जाणारे काका, साडेपाचला भूक लागलेल्या दोन पोरी. ज्या सीमेवर कुणाची चूल अवलंबून नाही ती बंद करायला सरकारला एक सही पुरते.

आपल्याकडे बघा ना. २००७ च्या जानेवारीत तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग म्हणाले होते की, आपापली राष्ट्रीय ओळख कायम ठेवूनही माणसाला अमृतसरमध्ये नाश्ता, लाहोरमध्ये दुपारचं आणि काबूलमध्ये रात्रीचं जेवण करता यावं, असा दिवस यावा हे त्यांचं स्वप्न आहे. मी तेव्हा तीन वर्षांची होते. अमृतसर ते लाहोर अंतर साधारण पन्नास किलोमीटर, म्हणजे पुणे-लोणावळ्यापेक्षाही कमी. २०१९ मध्ये कर्तारपूरचा मार्ग सुरू झाला तेव्हा भाविक व्हिसाशिवाय सकाळी पलीकडे जायचे, गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवायचे आणि संध्याकाळी परत यायचे. पासपोर्ट लागायचा, पण जेवून घरी येता यायचं. २०२५ च्या मे महिन्यात तोही बंद झाला, अटारीचा रस्ता त्याआधीच. का बंद झाला ते सगळ्यांना माहीत आहे, आणि पहलगामनंतर त्या निर्णयाशी वाद घालायला मी इथे बसलेली नाही. मी एवढंच बघतेय की पंगत उठायला किती कमी वेळ लागतो. स्ट्रासबर्ग आणि केलला पुन्हा मांडायला कितीतरी वर्षं लागली, आणि त्यांच्यामध्ये तर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रक्त सांडलं होतं.

आता कबुलीजबाब. ती रील मी टाकली. त्याच रात्री, तायडीच्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर पडून. अकरा सेकंद: नदी, पूल, तायडीचे केस, मग थेट फ्लामकुखन. मधली बारा मिनिटं मी कापली. शूट केलीच नव्हती म्हणा, पण कॅप्शनमध्ये एक ओळ लिहिता आली असती. नाही लिहिली. छान दिसत होतं सगळं. आतापर्यंतच्या माझ्या कुठल्याही पोस्टला पडले नाहीत इतके लाइक्स पडले. ज्युनिअर बॅचच्या एका मुलीनं कमेंट केली, "दीदी, दोन देश एका संध्याकाळी, काय लाइफ आहे! तिथे चेकिंग वगैरे काही नसतं का?"

मी तिला हसरा इमोजी पाठवला होता. ती आता जर्मनला बसलीय, बी-वन करतेय, सप्टेंबरमध्ये जाणार आहे. गेल्या आठवड्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटली तेव्हा मी तिला बारा मिनिटांचं सगळं सांगितलं. चौदा आणि पाच, दोन्ही आकडे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, "पण जेवण कसं होतं?"

एकदम मस्त होतं, मी म्हटलं. क्रीम आंबट, कडा कुरकुरीत. स्टेशनच्या थांब्यावर उतर, पाणी मागवू नकोस, रोख पैसे ठेव. तायडी आता कार्ड पर्सच्या आत ठेवत नाही. पूल आला की जॅकेटच्या पुढच्या खिशात घेते.